सन्मानाचे काम आणि सीमाभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात कामाला तोटा नाही. उद्यमबाग-मच्छेच्या फौंड्र्या आहेत, वडगाव-शहापूरचे माग आहेत, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि विडी आहे, कृष्णा-दूधगंगाकाठचे साखर कारखाने आहेत. तरी आयुष्यभर राबलेल्या माणसाला साठीनंतर पेन्शन नाही आणि आजारपणात आधार नाही, असे घराघरांत दिसते. हे का होते आणि त्यावर काय करता येते, यावरचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

हाताला काम आहे, पगार मिळतो. मग ‘सन्मानाचे काम’ म्हणजे आणखी काय?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तेव्हाचे महासंचालक ह्वान सोमाविया यांनी १९९९ साली ही कल्पना मांडली. तिला चार आधार आहेत: पुरेसे काम, कामावरचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि मालक-कामगार-सरकार यांच्यातला संवाद. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत आठवे उद्दिष्ट याचेच आहे.

आपल्या कामाला लावून पाहा. पगार ठरलेल्या तारखेला आणि किमान वेतनापेक्षा कमी नाही ना? अपघात झाला, बाळंतपण आले, वय झाले तर चूल पेटती राहील का? तक्रार केली म्हणून दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ असे ऐकावे लागते का? आणि ही नोकरी बाई, अपंग व्यक्ती, दुसऱ्या भाषेचा माणूस यांनाही त्याच अटींवर मिळते का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, पण सर्वसमावेशक रोजगार म्हणजे नेमका तोच.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे की सगळीकडचा?

सगळीकडचा. जगातले सुमारे २०० कोटी लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के, असंघटित कामात आहेत. कामामुळे होणारे अपघात आणि आजार यांत दरवर्षी जवळजवळ ३० लाख माणसे मरतात, आणि त्यातले बहुतेक मृत्यू अपघाताचे नसून आजाराचे असतात. घरातल्या माणसांची काळजी घ्यावी लागते म्हणून रोजगाराबाहेर राहिलेल्या स्त्रिया ७० कोटींहून अधिक आहेत.

कारणही सगळीकडे एकच दिसते. मोठी कंपनी काम छोट्या कारखान्याला देते, छोटा कारखाना ठेकेदाराला, ठेकेदार घरातल्या बाईला. प्रत्येक पायरीवर दर घटतो आणि जबाबदारी पुसट होते. शेवटच्या माणसाच्या कामाची नोंद कुठेच उरत नाही. कायदे नाहीत ही मोठी अडचण नाही. कायदा ज्या नोंदीवर चालतो तीच केलेली नसते, ही खरी अडचण. सीमाभागात तिच्यावर दोन राज्ये आणि दोन भाषा यांचा थर चढतो.

माझे नाव ठेकेदाराच्या वहीत आहे. कारखाना म्हणतो, हा आमचा माणूस नाही. खरे आहे का?

अर्धेच खरे. ठेकेदार तुमचा थेट मालक असला तरी ज्याच्या आवारात काम चालते तो मूळ मालक सुटत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा, असा कायदा आहे. पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचेही तसेच.

अडचण पुराव्याची येते. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी फर्मचे नाव बदलतो, पगार रोखीत देतो, आणि पाच वर्षांनी कामगाराकडे पाच वेगळ्या मालकांची नावे उरतात, एकाचाही कागद नसतो.

मग पुरावा म्हणून काय चालते? नेमणूकपत्र तर कुणीच देत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, तेव्हा आधी ते लेखी मागा. नाहीच दिले तर खालच्या गोष्टी जमवायला लागा, आणि त्या नोकरी चालू असतानाच जमवा. काढून टाकल्यावर गेटच्या आत जाता येत नाही.

गेटपास, हजेरीकार्डाचा फोटो, बँकेत किंवा फोनवर आलेल्या पगाराची नोंद, सुपरवायझरचे ‘उद्या रात्रपाळीला ये’ असे मेसेज, माल नेताना सही केलेली चलने, कँटीनचे कुपन, कारखान्याच्या नावाचा गणवेश. एकटा कुठलाही कागद कच्चा पडतो, तीन-चार एकत्र आले की प्रकरण उभे राहते. पगार रोखीत मिळत असेल तर त्याच दिवशी स्वतःच्या वहीत तारीख, रक्कम आणि देणाऱ्याचे नाव लिहा. रोज लिहिलेली वही आणि तक्रारीच्या आदल्या रात्री बसून लिहिलेली वही यातला फरक अधिकाऱ्याला लगेच कळतो.

तुम्ही तिथे कामाला होता एवढे दिसले की पुढचे ओझे मालकावर जाते. या चारांपैकी वेतनसंहितेनुसार पगार दिला होता हे त्याने सिद्ध करायचे, मिळाला नाही हे तुम्ही नाही. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे.

मी निपाणीत राहतो, काम कागलच्या एमआयडीसीत. किमान वेतन कुठल्या राज्याचे?

काम जिथे चालते त्या राज्याचे. निपाणीहून कागल-हातकणंगलेला किंवा बेळगावहून शिनोळीला जाणाऱ्याला महाराष्ट्राचे दर, चंदगडहून उद्यमबागेत येणाऱ्याला कर्नाटकाचे. राहण्याचा पत्ता, रेशनकार्ड, मातृभाषा यांचा इथे काही संबंध नाही. कर्नाटकात महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत. त्यामुळे ‘वर्षभर एकच पगार’ हे दोन्ही बाजूंना संशयास्पद आहे. त्या महिन्यात हातात आलेला आकडा पाहा आणि उद्योगाचा प्रकार व कुशल-अकुशल वर्ग लावून दर तपासा. कुशल कामगाराला कागदावर ‘हेल्पर’ दाखवणे ही सर्वांत जास्त चालणारी पळवाट आहे.

पीएफचा यूएएन (सभासदाचा कायमचा क्रमांक) आणि ईएसआयचा विमा क्रमांक देशभर एकच असतो. हद्द ओलांडली म्हणून नवा काढू देऊ नका, जुनाच द्या. ईएसआयचा दवाखाना राहत्या गावाजवळचा निवडता येतो. बांधकाम कामगार मंडळ मात्र राज्याराज्याचे वेगळे. तिथली नोंदणी गेल्या बारा महिन्यांतल्या ९० दिवसांच्या कामावर मिळते, आणि दोन्ही बाजूंना थोडे थोडे काम करणाऱ्या गवंड्याचे ९० दिवस कुठल्याच बाजूला भरत नाहीत. त्याने प्रत्येक साइटवर काम संपताच दाखला घेतला पाहिजे. सहा महिन्यांनी बिल्डर सापडत नाही.

पगारातून पीएफ-ईएसआय कापतात. भरले जाते की नाही, कसे कळणार?

आधी किती कापायला हवे ते पाहू. पीएफ २० किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी लागू होतो, ईएसआय १० किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी आणि २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला.

समजा वेतन १४,००० रुपये आहे. पीएफला तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये. मालकाचेही तेवढेच, पण त्यातले ८.३३ टक्के (सुमारे १,१६६ रुपये) पेन्शनला जातात आणि उरलेले ५१४ तुमच्या खात्यात. ईएसआयला तुमचे ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ४५५. ‘मालकाचा हिस्सा’ म्हणून तुमच्या पगारातून दोनदा कापत असतील तर ते बेकायदा आहे. आणि हे या भागात सर्रास चालते.

भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक आणि शेवटचा भरणा मेसेजने येतो, उमंग ॲपवर पूर्ण पासबुक दिसते. दर तीन महिन्यांनी पाहा. तीन महिन्यांची थकबाकी वसूल होते. दहा वर्षांनंतर कारखानाच बंद झालेला असतो.

ईएसआयचे दिवस नीट लक्षात ठेवा. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. आजारपणाच्या रजेचे पैसे (पगाराच्या ७० टक्के, ९१ दिवसांपर्यंत) मिळायला त्या काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. म्हणून हजेरी ७५ वर आणून ठेकेदार माणूस बदलतो, तेव्हा तो एका आजारपणाचा आधार काढून घेत असतो. कामावरच्या अपघाताला मात्र दिवसांची अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो.

आधारवर नाव एक, पीएफला दुसरे. दावा फेटाळला. आता?

सीमाभागातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत फुकटची अडवणूक आहे. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, कुठे आडनाव शेवटी तर कुठे वडिलांचे आद्याक्षर आधी, आणि कारखान्यातल्या कारकुनाने ऐकून टाइप केलेले इंग्रजी स्पेलिंग. पाटील-पाटीलचे दोन स्पेलिंग झाले की संगणकाला दोन माणसे दिसतात.

क्रम असा ठेवा. आधी आधार बरोबर करा, कारण बाकी सगळे त्याच्याशी जुळवले जाते. मग पॅन आणि बँक. शेवटी पीएफ. आधारशी जुळलेल्या नव्या यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख, लिंग अशा बऱ्याच दुरुस्त्या सभासद स्वतः ऑनलाइन करू शकतो, जुन्या यूएएनला मालकाची मंजुरी लागते. म्हणूनच नोकरीत असताना करून घ्या. पत्त्यात जुने ‘बेळगाव’ आहे की २०१४ नंतरचे ‘बेळगावी’, याने दावा अडत नाही. नाव, जन्मतारीख आणि कामावर लागल्या-सुटल्याच्या तारखा यांनी अडतो.

विडी घरी वळतो. आम्ही कामगार धरले जातो का?

हो. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानले होते, आणि त्यांना पीएफ लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. जगात असे घरी बसून माल करून देणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार आला तोच १९९६ साली. भारताने तो अजून मान्य केलेला नाही, पण विडीपुरता आपला कायदा त्याच्या पुढे होता.

व्यवहारात तीन ठिकाणी पैसे गळतात. पहिले, पान. मजुरी हजार विड्यांवर असते, पण तेंदूपानाच्या गठ्ठ्यात फाटकी, वाळकी पाने निघाली की तेवढ्यात हजार भरत नाहीत, आणि कमी पडलेली पाने बाई पदरच्या पैशाने आणते. पाने घेतानाच वजन आणि प्रत लिहून घ्या. दुसरे, छाट. तपासणीत बाद केलेल्या विड्यांची मजुरी कापतात आणि विड्याही ठेवून घेतात. बाद माल तुमच्यासमोर मोजला गेला पाहिजे आणि मजुरीच्या नोंदीच्या पुस्तकात चढला पाहिजे. तिसरे गळणे सर्वांत खोल आहे: घरात सासू, सून आणि मुलगी तिघी वळतात, पण पुस्तक एकीच्या नावाने. तिघींची मेहनत एका खात्यात जाते आणि दोघी कागदावर ‘घरी असतात’. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोंद लागते. सुनेने पंधरा वर्षे वळूनही तिच्या नावावर एक दिवस नसतो. प्रत्येकीचे वेगळे पुस्तक आणि वेगळे विडी कामगार ओळखपत्र मागा. ओळखपत्रावर मुलांना पहिलीपासून १,००० ते २५,००० रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती मिळते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा.

ऊसतोडीची उचल फिटत नाही. मुकादम गावी जाऊ देत नाही. काय करावे?

उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, घेणे गुन्हा नाही. पण उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे, बायका-मुलांना ओलीस ठेवल्यासारखे ठेवणे ही वेठबिगारी आहे आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. त्या कायद्यात असे कर्जच रद्द होते. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली म्हटले आहे.

तक्रार तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. पोलिसांनी फक्त सोडवून गावच्या गाडीत बसवले तर काम अर्धेच झाले. प्रांताधिकाऱ्यांचा मुक्तीचा दाखला मिळाल्याशिवाय पुनर्वसनाचे पैसे (प्रकारानुसार १ ते ३ लाख रुपये) मिळत नाहीत. दाखला हातात आल्याशिवाय जिल्हा सोडू नका.

हिशेबाचे मूळ वजनात आहे. मजुरी टनावर, पण काट्याची पावती गाडीवाल्याच्या खिशात. प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोनवर फोटो काढा: तारीख, गाडी नंबर, टन. हंगामाच्या शेवटी मुकादम ‘इतके टन झाले’ म्हणेल तेव्हा टोळीकडे स्वतःचा आकडा हवा. आणि उचल ‘कोयत्या’वर, म्हणजे जोडप्यावर, दिली जाते. निम्मा ऊस तोडूनही बाईचे नाव कुठेच लागत नाही. तिचे ई-श्रम कार्ड (असंघटित कामगाराची सरकारी नोंद) वेगळे काढा. वय १६ ते ५९ हवे, आधार आणि मोबाइल पुरतो. रेशन कुठल्याही राज्यात उचलता येते, तेव्हा बीडचे कार्ड चिकोडीतही चालते.

फौंड्रीतला खोकला जात नाही. टीबीचे औषध झाले तरी फरक नाही.

सिलिकोसिस आहे का ते तपासा. साच्याची वाळू म्हणजे सिलिका. साचा फोडताना आणि फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करताना) तिची इतकी बारीक धूळ उडते की डोळ्याला दिसतही नाही. ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही. हा आजार बरा होत नाही, म्हणून वेळेवर ओळखणे हाच उपाय. एक्स-रेत तो टीबीसारखा दिसतो आणि टीबीला निमंत्रणही देतो, त्यामुळे दोन्ही एकदम असू शकतात. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की मी किती वर्षे फौंड्रीत, कुठल्या खात्यात आहे. न सांगितल्यास बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत.

तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही, किमान एन-९५ लागतो आणि दाढीमुळे तो नीट बसत नाही. सर्वांत वाईट सवय म्हणजे पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे: खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा नाकासमोर येते. वाळू ओलसर ठेवणे, ग्राइंडरच्या तोंडाशीच धूळ ओढणारा पंखा, झाडण्याऐवजी ओले पुसणे, हे मालकाने करायचे. सिलिकोसिस हा कायद्याने व्यावसायिक आजार आहे, ईएसआयमध्ये त्याला अपघातासारखीच भरपाई आहे. मागावाल्यांचे कान जातात तेही याच यादीत आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक समजा.

बायका कारखान्यात का दिसत नाहीत? काम तर येते.

येते, पण पाळी संध्याकाळी सुटते आणि शेवटची बस आधी जाते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये महिलांना राज्यात प्रवास मोफत आहे, त्याने खानापूर-बेळगावसारख्या रोजच्या येण्याजाण्याचा खर्च वाचला. शिनोळी-कागलकडे जाणारीला हद्दीपलीकडचे भाडे आहेच. रात्रपाळीला बाईची संमती आणि मालकाने नेण्या-आणण्याची सोय, दोन्ही लागतात. ‘गाडी परवडत नाही’ म्हणून बायकांना घेतच नाहीत, तो भेदभाव झाला.

बाळंतपणाला ईएसआयमध्ये ७० दिवसांच्या वर्गणीवर २६ आठवड्यांची रजा आहे. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत करायची. १० माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी, नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. वखारीतली आणि शेतातली बाईही तिच्याकडे जाऊ शकते.

अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी काय आहे?

सरकारी नोकरीत अपंगांना ४ टक्के राखीव जागा आहेत. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे देशभर चालणारे ओळखपत्र) लागते. खासगी कारखान्यावर राखीव जागांची सक्ती नाही, आणि ही २०१६ च्या कायद्यातली मोठी उणीव आहे. तृतीयपंथी व्यक्तींना राज्य सेवेत १ टक्का आरक्षण देणारे कर्नाटक पहिले राज्य ठरले, २०२१ साली. खासगी नोकरीतही त्यांच्याशी भेदभाव करण्यास २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

आयटीआय झालेल्या मुलाला ‘अप्रेंटिस’ म्हणून तीन वर्षे ठेवले आहे.

कराराचा नोंदणी क्रमांक मागा. अप्रेंटिस पोर्टलवर करार नोंदलेला नसेल तर तो अप्रेंटिस नाही. तो पूर्ण पगार, पीएफ आणि ईएसआयचा हक्कदार कामगार आहे.

डिलिव्हरीची कामे करणाऱ्यांचे काय?

कर्नाटकाने २०२५ साली गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून मिळणारी कामे करणाऱ्यांसाठी, कायदा केला. प्रत्येक व्यवहारावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीकडून घेऊन निधी उभारायचा, अशी त्यात तरतूद आहे. दोन-तीन ॲपवर काम करत असाल तर प्रत्येकाची नोंद तपासा.

अर्ज मराठीत चालतो का?

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. अर्ज घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. पण काम लवकर व्हायला हवे असेल तर सोबत कन्नड भाषांतर जोडा. हक्क सोडण्याचा यात प्रश्न नाही, फाइल पुढच्या टेबलावर लवकर सरकते एवढेच. पीएफ आणि ईएसआय केंद्राचे आहेत, तिथे ही अडचण कमी येते. कोऱ्या किंवा न समजलेल्या कन्नड-इंग्रजी कागदावर सही मात्र करू नका.

तक्रार केली आणि कामावरून काढले तर?

पहिली चूक लोक हीच करतात की रागाने घरी बसतात. मग मालक म्हणतो, तो स्वतःच सोडून गेला. दुसऱ्या दिवशी वेळेवर गेटवर जा, आत घेतले नाही तर तिथला फोटो काढा आणि त्याच दिवशी ‘मी कामाला हजर आहे, मला आत घेतले नाही’ असे पत्र स्पीड पोस्टने पाठवा. ‘फुल अँड फायनल’ म्हणजे शेवटच्या हिशेबावर सही करण्याआधी आकडे तपासा. कामावरून काढल्यावर सगळी देणी दोन कामाच्या दिवसांत द्यावी लागतात.

त्यानंतर कामगार अधिकाऱ्यांकडे तडजोडीचा अर्ज करायचा. कर्नाटकात कामगार खात्याची मदतवाहिनी १५५२१४ आहे. ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येते, काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे वकील मोफत मिळतो. एकट्याने न जाता चार-पाच जणांनी एकाच मजकुराचे वेगवेगळे अर्ज द्यावेत. एकाला काढणे सोपे असते, अख्खी पाळी काढली तर भट्टी थंड पडते.